गुरुजींच्या गाडीचं नाक

श्रावणातली संध्याकाळ, साडेसातचा सुमार. गुरुजींचा फोन आला. "अरे, गाडी मोरीवर आपटली. आम्ही दोघंही बरे आहोत, पण गाडी जागची हलत नाही." मी चौथीत असताना त्यांनी मला भागाकार शिकवला आहे. त्यामुळे गॅरेज तसंच पोरांवर टाकून निघालो.

नांदगाव तिठ्यावरून त्यांच्या वाडीकडे जाणारा रस्ता अरुंद आहे. वळणावर जुनी मोरी, तिला जांभ्याचा कठडा. पावसात गुरं रस्त्यावर येऊन बसतात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गोठ्यातल्या चिखलापेक्षा त्यांना डांबर बरं वाटतं. वळणापलीकडे एक पाडा बसला होता. गुरुजींनी ब्रेक दाबून डावीकडे घेतलं आणि गाडीचा डावा कोपरा कठड्यावर गेला. कठड्याचे दोन चिरे ओढ्यात पडले. पाडा उठून निघून गेला. काकूंच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता, गुरुजींना तेवढंही नाही. गाडी टोचन करून कणकवलीला आणली.

पुढच्या पंधरा दिवसांत या एका गाडीवरून गुरुजींनी मला जे प्रश्न विचारले, ते माझ्याकडे येणारा प्रत्येक गिऱ्हाईक विचारतो. फरक इतकाच की गुरुजी उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

गाडी सव्वाचार वर्षांची, पेट्रोल, चार मीटरच्या आतली हॅचबॅक. बाहेरून पाहिलं तर अवस्था वाईट होती. बंपर डाव्या बाजूने फाटलेला, हेडलाइट फुटलेला, मडगार्ड दुमडलेलं, बॉनेटचा कोपरा वर आलेला. गुरुजी म्हणाले, "पंचवीसच्या वर वेग नसेल. एवढ्याशा धक्क्याने हे एवढं?" पंचवीस हा त्यांचा अंदाज, आणि लोखंड पाहून मलाही तो पटला.

आम्ही बंपर उतरवला. बंपर म्हणून आपण ज्याला हात लावतो ते नुसतं प्लास्टिकचं कातडं असतं. त्याच्या मागे फोम, फोमच्या मागे पोलादाची आडवी पट्टी, म्हणजे बीम. हा बीम गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेला नसतो. दोन्ही टोकांना वीतभर लांबीचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे असतात. त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. त्यांच्या मागे चेसिसचे दोन जाड दांडे सुरू होतात, जे इंजिनाच्या दोन्ही अंगांनी मागे जातात. डबा दांड्याला चार बोल्टांनी बसवलेला असतो.

डावा डबा आमच्या डेंटरकाकांनी काढून टेबलावर ठेवला. "ह्यां बगा गुरुजी, पेटयेच्या भात्यासारख्यां मिटलां." खरोखर भजनातल्या पेटीचा भाता मिटावा तशा त्याला एकावर एक घड्या पडल्या होत्या. कुठे फाटलेला नाही, वाकडा होऊन बाजूला गेलेला नाही. उजवा डबा काढून शेजारी ठेवला. डावा जेमतेम चार बोटं उरला होता. नीट पाहिलं तर उजव्या, धडधाकट डब्यावर आडव्या खाचा दिसत होत्या. घडी कुठून सुरू व्हावी हे ठरवण्यासाठी कारखान्यातच दाबलेल्या. गुरुजींनी त्या खाचांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे हा मोडावा म्हणूनच बनवलाय?"

हो, मोडावा म्हणूनच. ताशी पंचवीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. हा वेग शून्यावर यायला गाडीला साधारण वीस सेंटिमीटर मिळाले. त्यात बंपर, फोम आणि डबा मिटला, चिरे थोडे सरकले. हिशेब केला तर आत बसलेल्यांना सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या बारा पट झटका बसला. तोच वेग पाच सेंटिमीटरमध्ये थांबवला असता तर झटका एकोणपन्नास पट झाला असता. गुरुजींनी हे गणित माझ्यासमोर कागदावर स्वतः करून पाहिलं, वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. मग कागद घडी करून खिशात ठेवला.

दांड्यांची कर्णाची मापं घेतली तेव्हा डावा दांडा फक्त चार मिलिमीटर आत आला होता. तो बेंचवर ओढून जागेवर आला. डबा मोडला म्हणून दांडा वाचला. दांडा गेला असता तर कापून जोडणं आलं असतं आणि गाडीची किंमतच गेली असती. बोल्टांनी बसवलेला डबा हा खर्चाचाही विचार आहे, आणि तो विमा कंपन्यांच्या रेट्यातून आला. वाहनदुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्या विमा संशोधन केंद्रांची आरसीएआर नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या चाचणीत गाडी ताशी 15 किलोमीटर वेगाने घट्ट अडथळ्यावर नेतात. गाडीच्या रुंदीचा 40 टक्के भागच आपटतो आणि नंतर दुरुस्तीला किती खर्च येतो ते मोजतात. गुरुजींच्या अपघातासारखाच एका कोपऱ्याचा धक्का.

एअरबॅग का उघडल्या नाहीत, हा काकूंचा प्रश्न. एअरबॅग साधारण 0.03 सेकंदात फुगते, म्हणजे फुगायचं की नाही हा निर्णय त्याच्याही आधी घ्यावा लागतो. हा निर्णय बंपर किती फाटला यावर ठरत नाही, गाडी किती झपाट्याने थांबते आहे यावर ठरतो. इथे एकाच कोपऱ्याने धक्का घेतला, डबा सावकाश मिटला, पट्ट्याने काम भागलं. उघडली असती तर डॅशबोर्डसकट खर्च दुपटीवर गेला असता. पट्टा नसता तर मात्र आज मी हे लिहीत नसतो.

मग बिल आलं. खरी लढाई इथून पुढे झाली.

पार्ट्सचे ₹51,000. त्यातले ₹31,000 प्लास्टिकचे: बंपर, ग्रिल, फोम, हेडलाइट, चाकाच्या आतली लायनिंग. बाकी ₹20,000 धातूचे. विम्यात प्लास्टिकवर 50 टक्के घसारा धरतात, गाडी नवी असो की जुनी. धातूवर वयाप्रमाणे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 35 टक्के. म्हणजे गुरुजींच्या वाट्याला 15,500 अधिक 7,000, अधिक प्रत्येक दाव्यात स्वतः भरायचे सक्तीचे 1,000. रंगाचा थोडा भाग सोडून ₹23,500. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा जोडविमा, घेतलेला नव्हता. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम टोचते.

"प्लास्टिकचंच का करतात?" गुरुजी चिडले होते. "पद्मिनीला पोलादी बंपर होता. चकाकणारा. पन्नास ठिकाणी घासला तरी काही व्हायचं नाही. आता कुणी बोट लावलं तर पंधरा हजार."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेने हाच विचार 1973 सालच्या मॉडेलपासून नियमात घातला होता. समोरून ताशी 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर वेगाने आपटलं तरी दिवे आणि इतर महत्त्वाच्या गोष्टी शाबूत राहिल्या पाहिजेत. गाड्यांना जाडजूड, जड बंपर आले. त्या वजनाची आणि किमतीची तक्रार होत राहिली आणि 1982 मध्ये ही मर्यादा अर्ध्यावर, अडीच मैलांवर आणली. बंपर वाचवायचा की माणूस, या प्रश्नाला पैशाची तिसरी बाजू तेव्हाही होती.

पण पोलादी बंपरच्या जुन्या गाडीत माणूस सुरक्षित होता, ही समजूत मात्र चुकीची आहे. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2009 मध्ये, आपल्या पन्नासाव्या वर्षी, 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मॅलिबू समोरासमोर आदळवल्या, प्रत्येकी ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने. जुनी गाडी मोठी आणि लोखंडाने भरलेली. तरी तिची माणसं बसायची जागाच चेपली, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर गेलं. नव्या गाडीचं नाक पूर्ण मोडलं आणि पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजेची शक्यता निघाली. नाक मऊ आणि बसायचा पिंजरा कडक ही कल्पना मर्सिडीजमधले अभियंते बेला बॅरेन्यी यांची. त्यांनी 1951 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये तशी गाडी रस्त्यावर आली. बेल एअर आणि ती गाडी एकाच सालच्या, हे सांगितल्यावर गुरुजी थोडा वेळ गप्प बसले.

आपल्याकडे हे उशिरा आलं. समोरच्या धडकेची सक्तीची चाचणी, ताशी 56 किलोमीटर, नाकाचा 40 टक्के भाग, नव्या मॉडेलना ऑक्टोबर 2017 पासून आणि सगळ्या गाड्यांना ऑक्टोबर 2019 पासून. भारत एनसीएपी ही गाडीला सुरक्षेचे तारे देणारी ऐच्छिक चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली, तिचा वेग 64. आकड्यात फक्त आठचा फरक दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे नाकाला तीस टक्के जास्त धक्का पचवावा लागतो.

आणि हे सगळं करायचं कुठे? चार मीटरच्या आत. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्काची सवलत मिळाली. तेव्हापासून या देशात गाडीची लांबी करखात्याच्या टेपने ठरते. सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवर 18 टक्के जीएसटी, त्याहून मोठ्यांवर 40 टक्के. शोरूममध्ये माहितीपत्रक पाहा, कित्येक गाड्यांची लांबी बरोबर 3,995 मिलिमीटर आहे. आत पाच माणसं हवीत, मागे गणपतीचं सामान मावेल एवढी डिकी हवी. मग कापायचं कुठून? पुढून. नाक आखूड आणि उभं होतं. मोडण्यासाठी जेवढं अंतर लांब गाडीला मिळतं, तेवढं या गाडीला मिळत नाही. म्हणून मिळालेल्या प्रत्येक सेंटिमीटरला काम करावं लागतं. त्यातलेच वीतभर सेंटिमीटर त्या डब्यात होते.

वाऱ्याचं गणित मी गुरुजींना थोडक्यात सांगितलं, कारण त्यांची गाडी बहुतेक वेळ वाडीच्या रस्त्यावर चाळीसने चालते आणि तिथे वाऱ्याची फारशी किंमत नाही. पण महामार्ग काँक्रीटचा झाल्यापासून चाकरमानी ऐंशी-शंभरने येतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायला लागणारी ताकद घनाने. ऐंशीवरून शंभरवर गेलं की नुसती हवा बाजूला सारायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. उभं नाक असलेल्या आखूड गाडीला यातून वाट काढण्यासाठी बंपरचे कोपरे गोल करतात, ग्रिलचा वरचा भाग दिसायला जाळी पण आतून बंद ठेवतात, चाकांच्या पुढे खाली रबराच्या छोट्या पट्ट्या लावतात. हे सगळे वळसे-वळणं प्लास्टिकमध्ये स्वस्तात ओतता येतात, पोलादात नाही. साच्याला एकदाच मोठा खर्च, मग प्रत्येक बंपर स्वस्त. म्हणूनच स्वस्त मॉडेलमध्ये फॉगलाइटच्या जागी नुसतं झाकण असतं, साचा एकच. फेसलिफ्ट म्हणून जी नवी गाडी दाखवतात तिच्यात बंपर, ग्रिल, दिवे बदललेले असतात आणि आतले दांडे जुनेच असतात, तेही याच कारणाने.

एक गोष्ट इथे जाता जाता. बंपरखालची काळी पट्टी स्पीडब्रेकरला घासते म्हणून आपल्याकडे लोक काढून टाकतात. गुरुजींनीही काढली होती. ती गाडीखालची हवा अडवते आणि त्यामुळे रेडिएटरमधून हवा नीट खेचली जाते. घाटात एसी लावून चढताना गाडी तापते अशी त्यांची जुनी तक्रार होती. या वेळी नवी पट्टी बसवली.

माझीही एक तक्रार आहे, ती मोकळेपणाने मांडतो. हेडलाइटची काच गेली नसती, नुसता मागचा एक कान तुटला असता, तरी पूर्ण दिवा बदलावा लागला असता. एलईडीच्या दिव्यांना तर हा खर्च आणखी वाढतो. नाक मोडण्यासाठी आहे हे मला मान्य आहे. पण महागडा दिवा अगदी कोपऱ्यावर, पहिल्या धक्क्याच्या वाटेत ठेवायचा आणि त्याचा कान वेगळा मिळू द्यायचा नाही, यात सुरक्षा नाही आणि हवाही नाही. तुटणारे कान सुटे मिळायलाच हवेत. माझ्याकडे येणाऱ्या दर महिन्याच्या गाड्यांत हे दुखणं असतंच.

बिल भरून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "आता गार्ड बसव. पुतण्याच्या गाडीला आहे तसा."

पुतण्याची गाडी उंच, एसयूव्हीच्या घाटाची. पुढे जाड पाइपांचा गार्ड. मागच्या वर्षी तो एका टेम्पोला मागून लागला होता. गार्डला ओरखडासुद्धा नाही, हे घरात कौतुकाने सांगितलं जायचं. मी गुरुजींना म्हटलं, आधी ती गाडी घेऊन या.

गाडी लिफ्टवर घेतली. गार्डच्या दोन्ही पट्ट्या थेट चेसिसच्या दांड्यांना बोल्ट केलेल्या होत्या, डब्यांना वळसा घालून. डबे जसेच्या तसे होते, एकही घडी नाही. पण उजवा दांडा बोल्टाच्या भोवती सुरकुतला होता आणि नऊ मिलिमीटर आत गेला होता. तिथला रंग तडकला होता. आपल्या खाऱ्या हवेने तडकलेल्या जागेतून गंज आत शिरला होता, पापुद्रे नखाने निघत होते. टेम्पोचा धक्का मोडायच्या भागाला न लागता न मोडायच्या भागाला लागला होता. पुढच्या मोठ्या धडकेत एअरबॅगचा मेंदू ज्या ठरावीक झटक्याची वाट पाहतो, तो झटका या गाडीत वेळेवर आणि तसाच येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. गाडीची चाचणी त्या पाइपांशिवाय झालेली असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचं सांगितलं, त्यामागे हेच कारण होतं. त्याच्या जोडीला रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचंही.

गुरुजी दांड्यापर्यंत ऐकत होते. पण निर्णय झाला तो टेपवर.

गाडी खाली घेतली आणि मी गार्डच्या वरच्या पाइपची उंची मोजली. 94 सेंटिमीटर. मग गुरुजींना विचारलं, चौथीतलं पोर केवढं असतं? त्यांनी न विचार करता हात छातीच्या थोडा वर धरला. आम्ही मोजलं, 130 सेंटिमीटर. म्हणजे पाइप बरोबर छातीवर. त्यांच्या गाडीच्या बॉनेटचं टोक टेकवून पाहिलं, ते त्याहून बरंच खाली आलं आणि हाताने दाबलं की दबलं.

ते दबणं योगायोग नाही. आपल्याकडे पादचाऱ्यांच्या संरक्षणाचा नियम, एआयएस-100, नव्या मॉडेलना 2018 पासून आणि बाकीच्यांना 2020 पासून लागू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक नियमात साडेतीन किलोचं, लहान मुलाच्या डोक्याइतकं गोल डोकं ताशी 35 किलोमीटरने बॉनेटवर मारून पाहतात. म्हणून बॉनेटचा पत्रा पातळ असतो आणि त्याच्या नि इंजिनाच्या मधे जागा सोडलेली असते. मी गुरुजींचं बॉनेट उघडून बॅटरीवर मूठ ठेवली आणि बॉनेट हळू खाली आणलं. मूठ अलगद मावली. बंपरमधला फोमसुद्धा गाडीसाठी कमी आणि समोरच्याच्या गुडघ्यासाठी जास्त असतो. अमेरिकेत 2023 मध्ये त्याच विमा संस्थेने पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास केला. एक मीटरहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी धडक दिल्यावर माणूस दगावण्याची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त निघाली. त्या नुसत्या उंच नाकाच्या गाड्या होत्या, त्यांच्यावर पोलादी पाइप लावण्याची गोष्टच नव्हती.

गुरुजींच्या शाळेतली मुलं पावसाळ्यात त्याच मोरीवरून छत्री पुढे धरून चालत येतात. छत्रीमुळे समोरची गाडी दिसत नाही. हे मी सांगितलं नाही. त्यांनीच पुतण्याला सांगितलं, मालवणीत, आणि जरा कडक आवाजात.

गुरुजींच्या गाडीला गार्ड बसला नाही. दोन्ही हेडलाइट भिंतीवर उजेड पाडून पुन्हा जुळवले, कारण डावा थोडा आकाशाकडे बघत होता आणि बसलेलं जनावर अशा उजेडात दिसत नाही. पुढच्या वर्षाच्या पॉलिसीत झीरो डेप घालायला सांगितलं. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन गुरुजींनी मोरीच्या दोन्ही टोकांना रिफ्लेक्टर लावून घेतले. चिरे अजून ओढ्यातच आहेत.

पुतण्या गणपतीनंतर आला. गार्डचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, स्पॅनरला दाद देईनात. शेवटी ग्राइंडरने कापले. पाइप भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले तेव्हा 28 किलो भरले. उजवा दांडा ओढायचं काम राहिलं आहे. गंज किती आत गेला आहे ते पत्रा साफ केल्याशिवाय कळणार नाही, आणि त्यासाठी गाडी निदान आठवडाभर सोडायला लागेल. दिवाळीची सुट्टी संपली की आणतो म्हणाला आहे.